आठ, आणि परत

रोट्राउट हाउफेला क्लबातून काढायचं, असं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि चुलीत टाकलं. पत्र सगळ्या सभासदांना गेलं होतं. शुक्रवार, पंधरा नोव्हेंबर, संध्याकाळी सहा, क्रिप्पेन गावच्या खानावळीची मागची खोली. विषय पहिला, नवे दोर. विषय दुसरा, क्लबाच्या झोपडीचं गळकं छप्पर. विषय तिसरा, माथ्यावरच्या वहीची विटंबना केल्याबद्दल सभासद रोट्राउट हाउफे यांना कमी करणे. कमी करणे म्हणे. जी बाई अठ्ठेचाळीस वर्षं आमच्या बरोबरीने कडे चढली, तिचा नंबर गळक्या छपराच्या खाली.

मी फोल्कमार पेट्सोल्ड. जन्मभर लोकांच्या घरांवर चढून दगडी कौलं बसवली, आणि रविवारी सुट्टी म्हणून पुन्हा चढायला गेलो, ते सुळक्यांवर. एकाहत्तर वर्षांचा आहे. तोंड फटकळ आहे, हे मला बायकोने सांगितलंय, पाद्र्याने सांगितलंय आणि डॉक्टरनेही सांगितलंय. तरी एका गोष्टीत मी अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो होतो. तेही सांगतो. पण आधी रोट्राउट.

ठेंगणी, रुंद खांद्यांची, पायात बूट न घालता चढणारी बाई. आमच्या वाळूच्या दगडावर जुने लोक अनवाणीच चढत. तिने ते सोडलं नाही, म्हणून तिच्या पायाचे अंगठे खरोखरच वाकडे आहेत. आमच्या क्लबाचं नावच ‘वाकडा अंगठा’, एकोणीसशे आठ साली ठेवलेलं. रोट्राउट म्हणायची, “नावाला जागणारी मी एकटीच. तुमचे अंगठे बघा, लोण्यात ठेवल्यासारखे.” प्लमचा केक ती इतका आंबट करायची की डोळे मिटायचे. आणि असले चावट विनोद सांगायची की आमच्यातले गवंडीसुद्धा खाली बघायचे. स्वतः मात्र हसायची नाही.

पोटासाठी ती एल्ब नदीच्या काठच्या रेल्वेवर सिग्नल केबिनमध्ये होती. सदतीस वर्षं. आता तिथे माणूस लागत नाही, पण तेव्हा सगळं तोंडी चालायचं. शेजारच्या केबिनमधून फोन यायचा, अमुक नंबरची गाडी सोडू का. त्यावर नुसतं ‘हो’ म्हणायची सोय नव्हती. गाडीचा नंबर, रूळ, वेळ, सगळं परत म्हणायचं, समोरच्याने ते ऐकून बरोबर आहे म्हणायचं, मग वहीत लिहायचं, आणि मग खटका ओढायचा. चुकलं तर चूकही त्याच वहीत, स्वतःच्या अक्षरात. खाडाखोड चालायची नाही, रेघ मारून शेजारी लिहायचं. रोट्राउट म्हणायची, “हो म्हणजे काहीच नाही. हो तर माणूस झोपेतही म्हणतो.”

ही सवय तिने सुळक्यांवर आणली, तिथून सगळं सुरू झालं.

चढण्याआधी आपण दोराचं टोक कमरेच्या हार्नेसला बांधतो. आधी दोरात एक आठाचा आकडा घालायचा, मग टोक हार्नेसमधून ओवायचं, आणि तोच आठ उलट्या वाटेने परत काढायचा. आठ, आणि परत. अर्ध्यावर सोडली तर ती गाठच नव्हे, पण लांबून बघणाऱ्याला ती गाठच वाटते. रोट्राउट कोणालाही जमिनीवरून पाय उचलू द्यायची नाही. जवळ यायची, दोन बोटं त्याच्या गाठीत घालायची आणि विचारायची, “आठ?” समोरच्याने म्हणायचं, “आठ, आणि परत.” कोणी नुसतं हो म्हणालं, की तिची बोटं तशीच गाठीत. जोवर पूर्ण म्हणत नाही तोवर हलायची नाही.

कड्यावर आमच्यात सगळे ‘तू’ असतात. न्यायाधीश असो की गवळी, दोराला बांधला की तू. पण तू म्हणवून घेणं वेगळं आणि तीस वर्षं चढलेल्या माणसाने पोटापाशी बायकी बोटं घालू देणं वेगळं. नाकाला मिरच्या झोंबायच्या. “आली सिग्नलवाली.” “रोट्राउट, माझा लंगोटही बघ गं, नीट बांधलाय का.” त्यावर ती म्हणायची, “तो सुटला तर फक्त बघणाऱ्याला त्रास. आठ?”

तिला हसण्यात सगळ्यात पुढे कोण, तर तिचा नवरा एरेनफ्रीड. आणि त्याच्या पाठोपाठ मी.

एरेनफ्रीड हाउफे फर्निचर करायचा. पेन्सिल कानावर ठेवूनच जन्मला असावा. चढण्यात मात्र त्याच्यासारखा दुसरा नव्हता आमच्या खोऱ्यात. आमच्याकडे लोखंडी पाचरी ठोकायची पद्धत नाही, कपारीत दोरीच्या गाठी अडकवायच्या आणि त्यांच्या भरवशावर वर जायचं. एरेनफ्रीडची अडकवलेली गाठ चार माणसांनी ओढली तरी निघायची नाही. असा माणूस स्वतःच्या कमरेची गाठ विसरेल असं कोणाच्या मनातही आलं नसतं. माझ्याही आलं नाही.

दोन हजार तेरा, चौदा सप्टेंबर, शनिवार. जाडी ग्रेटे म्हणून आमच्याकडे एक सुळका आहे. जुन्या वाटेवर वीस मीटरवर एक लोखंडी कडी, तिथून पुढे माथा. एरेनफ्रीड पुढे चढणार, मी खालून दोर धरणार. रोट्राउट झऱ्यावर पाणी भरायला गेली होती. एरेनफ्रीड गाठ बांधत होता. आठ घातला, टोक हार्नेसमधून ओवलं. आणि मी काकड्यांची बरणी उघडली.

माझ्या सासूच्या हातच्या खारवलेल्या काकड्या. शेपूचा पाला आणि मोहरी घातलेल्या. मी म्हणालो, “एरेनफ्रीड, घे, म्हातारीने या वर्षी भरपूर लसूण घातलाय.” त्याने दोर सोडला, काकडी घेतली, चावली, म्हणाला, “तुझी सासू मला लवकर मारणार.” मग आम्ही सासूवर हसलो. मग त्याने जाकीट खाली ओढलं आणि चढायला लागला. बोटांचं काम करून झालं असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. आठ की काय, हे विचारणारी पाणी भरत होती, आणि ती नव्हती याचं आम्हाला दोघांनाही बरंच वाटत होतं.

तो कडीपर्यंत गेला. दोर कडीत घातला. वरून म्हणाला, “धर.” मी दोर ताणला. तो मागे रेलला.

पुढचं सांगत नाही.

दोराचं टोक वर कडीपाशी लोंबत होतं, त्यात अर्धा आठ तसाच. मी खालून ओढला. आठ कडीत अडकला, दोन हिसके दिले तेव्हा सुटून खाली आला. रोट्राउटची पावलं अजून ऐकू येत नव्हती. मी तो अर्धा आठ सोडला. का सोडला ते मला आजही धड सांगता येत नाही. त्याची लाज राखायला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. माझी राखायला सोडला. काकडी मी दिली होती आणि गाठ बघणं माझं काम होतं.

पोलिसांना सांगितलं, कडीपाशी दोराचा गुंता झाला, तो सोडवायला त्याने स्वतःची गाठ सोडली, तेवढ्यात हातातला दगड तुटला. वाळूचा दगड तुटतोच. सगळ्यांनी मान डोलावली. क्लबाने त्याच्या थडग्यावर लिहिलं, ‘दगडाने दगा दिला’. बिचाऱ्या दगडाला बोलता येत नाही.

रोट्राउट सहा महिन्यांनी परत आली. दोर खांद्यावर, पाय अनवाणी. तिला वाटलं असतं तर ती कोणाबरोबरही चढली असती. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “फोल्कमार, दोर तू धरायचास.” तेव्हापासून दर रविवारी माझ्या पोटापाशी तिची दोन बोटं. “आठ?” आणि मी म्हणायचो, “आठ, आणि परत.” अकरा वर्षांत हे शब्द किती वेळा म्हटले असतील. प्रत्येक वेळी ती तोंडाकडे न बघता गाठच बघायची.

आता वहीचं. आमच्या प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर पत्र्याचा एक डबा असतो आणि डब्यात वही. चढलेल्याने वर पोचून एकमेकांशी हात मिळवायचे, मग वहीत तारीख, नाव, वाट लिहायची. शंभर वर्षांच्या वह्या आहेत. चाळून बघा, सगळे चढले. कोणी विसरलं नाही, कोणी घाबरलं नाही, कोणाचा हात सुटता सुटता राहिला नाही. गेले त्यांचं नुसतं नाव यायचं बंद होतं.

जाडी ग्रेटेची वही आमच्या क्लबाच्या ताब्यात. गेल्या मे महिन्यात रोट्राउटने त्यात लिहिलं: ‘५ मे. रोट्राउट हाउफे. अठ्ठेचाळीस वर्षं चढतेय. आज हार्नेसचा पट्टा बकलातून परत ओवायला विसरले. बोलत होते. फोल्कमारने पाहिलं.’

मी म्हणालो, “अगं, हे काय लिहिलंस?”

“चूक झाली ती लिहिली.”

“पण झालं तर काही नाही ना.”

“झालं नाही म्हणूनच लिहिता येतंय,” ती म्हणाली, आणि डबा बंद केला.

जूनमध्ये दुसरी ओळ. उतरायच्या दोराच्या टोकांना गाठ मारायची राहिली होती, ते तिने स्वतःच उतरण्याआधी पाहिलं. जुलैत तिसरी. नेहमी स्वतःचीच चूक, दुसऱ्याचं नाव फक्त पाहणारा म्हणून. आणि मग गंमत झाली. खाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ आली. कोण्या ड्रेस्डेनच्या माणसाची. ‘मीपण. बावीस वर्षं.’ मग एका चेक बाईची. ऑगस्ट संपेपर्यंत अर्धं पान भरलं. कोणीतरी त्या पानाचा फोटो काढला आणि तो फोनाफोनांवर फिरला.

तळपायाची आग मस्तकात गेली ती झीगमारच्या. झीगमार लेनर्ट आमचा अध्यक्ष, दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. पेशंटच्या तोंडात बोळा घालून त्याच्याशी गप्पा मारायची सवय, त्यामुळे उलटं उत्तर ऐकायची सवय नाही. तो जाडी ग्रेटेवर चढला आणि त्याने पान फाडलं. पुढच्या रविवारी रोट्राउटने पुढच्या पानावर सगळं परत लिहिलं, आठवून आठवून, तारखांसकट. त्याने तेही फाडलं. तिने तिसऱ्यांदा लिहिलं आणि खाली घातलं, ‘वही नेलीत तर डब्याच्या झाकणावर लिहीन. डबा नेलात तर खडू आहे.’ मग सभेचं पत्र आलं.

पंधरा तारखेला मी वेळेआधी जाऊन बसलो. बटाट्याचं सूप मागवलं. बीअर मुद्दाम घेतली नाही. एकोणीस जण जमलो. दोरांचं ठरलं, छपराचं ठरलं नाही, नेहमीप्रमाणे. मग झीगमार उभा राहिला.

“मित्रांनो,” तो म्हणाला, “आपला क्लब एकशे सोळा वर्षांचा. आता बाहेरचे लोक मला विचारतात, तुमच्यात गाठी बांधता येत नाहीत का. का विचारतात? आपल्यातली एक जण माथ्यावर जाऊन आपली धुणी धुते.”

“माझी धुते,” रोट्राउट म्हणाली. “तुझी नाही. तुझी तू धू.”

कोपऱ्यात कोणीतरी खोकला.

“रोट्राउट, तुझं वय झालं. विसरायला होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरी बसून केक कर, आम्ही खायला येऊ.”

ती उठली. तिला उठायला थोडा वेळ लागतो, गुडघ्यांमुळे. “वयाचं नाव काढू नकोस. मी चाळीस वर्षं माणसांच्या गाठी तपासतेय. नवशिक्याची गाठ अर्धी राहिलेली मी एकदाही पाहिली नाही. तो जीभ बाहेर काढून, मोजून बांधतो. अर्धी राहते ती तुमची. ज्यांची बोटं झोपेत बांधतात त्यांची. नव्या पोरांना आपण सगळं शिकवतो, फक्त हे सांगत नाही की आपणही विसरतो. मग ती आपल्यासारखी पटाईत होतात आणि आपल्यासारखीच विसरतात. मी हे लिहिणार. काढायचं असेल तर काढा. लिहिणार.”

झीगमारला वाटलं, आता शेवटचा खिळा ठोकावा. तो आवाज खाली आणून म्हणाला, “निदान एरेनफ्रीडची तरी लाज ठेव. तो खरा उस्ताद होता. तो कधी गाठ विसरला नाही. त्याला दगडाने मारलं, चुकीने नाही. तू असलं काही लिहितेस तेव्हा त्याच्या नावाला काळं फासतेस.”

सगळ्यांना उत्तर देणारी बाई टेबलाकडे बघत उभी राहिली. आणि मला कळलं की हिला एका शब्दात याचं तोंड बंद करता आलं असतं, पण तो शब्द तिचा नाही म्हणून ती बोलत नाहीये. म्हणजे तिला माहीत होतं. हे कळलं आणि सूप तोंडातच राहिलं.

मी उठलो. खुर्ची मागे पडली.

“दगड तुटला नव्हता,” मी म्हणालो.

“फोल्कमार, बस खाली. चढलीय तुला.”

“मी सूप पितोय, झीगमार. दगड तुटला नव्हता. एरेनफ्रीडने अर्धी गाठ बांधली होती. तो बांधत असताना मी त्याला काकडी दिली. त्याने हात काढला. मी तपासली नाही. तो पडल्यावर दोरात अर्धा आठ होता, तो मी या हातांनी सोडला आणि तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. थडग्यावर जे लिहिलंय ना, ते माझं खोटं आहे. उस्ताद होता म्हणूनच विसरला. मीही उस्ताद होतो म्हणून बघितलं नाही. आता काढा कोणाला काढायचं ते.”

खानावळीची मालकीण दारात ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच मागे गेली. झीगमारचा चेहरा उतरला. तो कागद सरळ करत बसला. मला वाटलं, आता हा म्हणेल की विषय मागे घेतो. पण माणूस शेवटी आपल्या खुर्चीचा असतो. म्हणाला, “हे फार वाईट झालं. पण विषय वहीचा आहे. हात वर करा.”

काढा म्हणणारे आठ. काढू नका म्हणणारे सात. दोघांनी हात वर केले नाहीत, बुटांकडे बघत बसले. रोट्राउटने आणि अध्यक्षाने मत द्यायचं नव्हतं.

रोट्राउटने जाकिटावरचा क्लबाचा बिल्ला काढला आणि झीगमारच्या समोरच्या मोहरीच्या वाटीत टाकला. “नाव बदला आता,” ती म्हणाली. “अंगठा मी घेऊन चाललेय.” मी माझा बिल्ला काढायला गेलो तर पिन अडकली, सदरा फाटला, पण काढला. तोही मोहरीत. बाहेर आल्यावर ती माझ्याशी एक शब्द न बोलता नदीकडे निघून गेली. मला वाटलं, झालं. अकरा वर्षांचं उत्तर हेच.

शनिवारी दुपारी फोन वाजला.

“उद्या कोरडं आहे,” रोट्राउट म्हणाली. “आठ वाजता, जाडी ग्रेटे. काकड्या आणू नकोस.”

रविवारी ती माझ्या आधी पोचली होती. थंडी होती, तरी पाय उघडे. मी काहीतरी बोलायला लागलो, माफीचंच असणार, तर तिने हात वर केला.

“पाणी घेऊन मी आले, तेव्हा वाटेच्या सुरुवातीला काकडी पडली होती,” ती म्हणाली. “एकदाच चावलेली. एरेनफ्रीड काही अर्धं टाकणारा नव्हता, ताट पुसून खायचा. मग मी त्याच्या हार्नेसकडे बघितलं. मग तुझ्याकडे. तुझी नखं दोरावर घासून सोललेली होती.”

“आणि तरी मला दोर धरायला दिलास?”

“तुला एकट्याला माहीत होतं काय झालं ते. बाकीच्यांना वाटत होतं दगड तुटला. मग दोर कोणाच्या हातात देऊ?”

मला रडू आलं. एकाहत्तराव्या वर्षी, नाक गळत, भर सकाळी. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. गाठ बांधत होती. बांधून झाल्यावर ती थांबली, दोन्ही हात बाजूला घेतले आणि उभी राहिली. ती कशाला थांबली ते कळायला मला एक क्षण लागला. अकरा वर्षांत मी कधी आपणहून विचारलं नव्हतं, नेहमी तीच विचारायची. मी पुढे झालो आणि दोन बोटं गाठीत घातली.

“आठ?”

“आठ, आणि परत.”

ती पुढे चढली. सावकाश, पण पाय कुठे ठेवायचा हे त्या पायांना ठाऊक. कडीपर्यंत गेली. दोर कडीत घातला. आणि वरून म्हणाली, “धर.”

तिला तिथे थांबायची काही गरज नव्हती, ती तिथे कधी थांबत नाही. मी दोर ताणला. ती मागे रेलली, पूर्ण भार सोडून, दोन्ही हात दगडावरून काढून, आणि तशीच बसून राहिली. मी धरून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मग म्हणाली, “बरं. चढते,” आणि माथ्याकडे निघाली.

वर पोचल्यावर आम्ही हात मिळवले. तिने डबा उघडला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. बोटं गारठली होती, पेन्सिल धड धरता येत नव्हती. मी लिहिलं:

‘१७ नोव्हेंबर २०२४. फोल्कमार पेट्सोल्ड. चोपन्न वर्षं चढतोय. एरेनफ्रीड हाउफे गाठ बांधत असताना त्याला खायला दिलं. गाठ तपासली नाही. नंतर अर्धी गाठ सोडली आणि खोटं सांगितलं. कोणी पाहिलं नाही.’

तिने चष्मा लावून वाचलं. “तारीख चुकलीय,” म्हणाली.

“आज सतरा नाही?”

“आज आपण नुसते चढलो. चुकीची तारीख घाल.”

मी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, चौदा सप्टेंबर दोन हजार तेरा. खोडलं नाही, रेघच मारली. मग ती म्हणाली, “शेवटचं वाक्यही चुकलंय,” आणि पेन्सिल माझ्या हातातून घेतली. ‘कोणी पाहिलं नाही’ यावर तिने रेघ मारली आणि खाली आपल्या केबिनमधल्या टोकदार अक्षरात लिहिलं: ‘१४ सप्टेंबर २०१३. रोट्राउट हाउफे. मी पाहिलं होतं. अकरा वर्षं विचारलं नाही. ही चूक माझी.’

तर ते पान तिथे आहे. झीगमारला फाडायचं असेल तर त्याने वर यावं, वाट त्याला माहीत आहे. काढा म्हणणाऱ्या आठांनीही यावं, पेन्सिल डब्यातच ठेवलीय. फक्त जमिनीवरून पाय उचलण्याआधी गाठ कोणालातरी दाखवा. क्लबात माणूस उरलं नसेल तर आम्हाला हाक मारा. दर रविवारी आम्ही खालीच असतो.